सोलापुरात जमीन आहे, प्लॉट नाही

नमस्कार मंडळी.

जमिनीचं सरकारी नियोजन हा विषय रुक्ष वाटतो. पण ज्यांनी हद्दवाढ भागात पोटाला चिमटा काढून घर बांधलं, किंवा ज्यांना आज चार यंत्रमाग टाकायला जागा सापडत नाही, त्यांच्या इतका जवळचा दुसरा विषय नाही. त्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच बोलतो.

सोलापूरला जमीन कमी पडते असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या भरली साडेनऊ लाख, म्हणजे हेक्टरी ५३ माणसं. मुंबईत त्याच जनगणनेत हेक्टरी दोनशेच्या वर. मग शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, एकाच छपराखाली माग आणि संसार का? पोरं मागाच्या खडखडाटात अभ्यास का करतात?

कारण शेतजमीन म्हणजे प्लॉट नव्हे. तिथपर्यंत रस्ता हवा, पाणी हवं, ड्रेनेज हवं, वीज हवी, आणि कागद असा हवा की बँक कर्ज देईल. हे सगळं जोडून मिळालं तर जमीन पुरवली असं म्हणता येतं. हद्दवाढीने अकरा गावं शहरात आली, ती नकाशावर. त्यांच्यापर्यंत सोयी जायला किती वर्षं लागली, आणि कुठे अजूनही गेलेल्या नाहीत, हे शेळगी, मजरेवाडी, सोरेगावच्या माणसांनी मला सांगावं, मी त्यांना सांगायची गरज नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आलेल्या शहरात नव्या वस्तीचा नंबर शेवटी लागतो.

आता सरकार काय करतं ते पाहू. महाराष्ट्रात १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्याखाली शहराची विकास योजना होते, आपण तिला डीपी म्हणतो. त्यात पिवळा रंग म्हणजे राहण्यासाठी, हिरवा म्हणजे शेती, कुठे शाळेचं आरक्षण, कुठे बागेचं, मधून डीपी रस्ते. काम मोलाचं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण डीपी जमीन राखून ठेवते, ती मिळवून देत नाही. आरक्षणाची जागा ताब्यात घ्यायला पैसा लागतो, आणि २०१३च्या भूसंपादन कायद्यानंतर तो फार लागतो. पैसा नाही म्हणून जागा घेतली जात नाही. दहा वर्षं उलटली की मालक १९६६च्या कायद्यातल्या कलम १२७ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण कायद्यानेच संपतं. मालकाचं यात चुकत नाही, त्याने तरी किती वर्षं थांबायचं? पण त्या वस्तीतल्या मुलांची बाग गेली ती कायमची.

इकडे घर लागणारा माणूस डीपीसाठी थांबत नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, भाडं परवडत नसतं. तो एक-दोन गुंठे घेतो. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या छोट्या तुकड्याची शेतजमीन वर्षानुवर्षं रीतसर घेता येत नव्हती, म्हणून मग नोटरीचा कागद, साठेखत, सातबाऱ्यावर पाच-सात नावं एकत्र. हीच गुंठेवारी. शासनाने २००१ साली ती नियमित करण्याचा कायदा केला, तेव्हा मुदत होती १ जानेवारी २००१पूर्वीच्या तुकड्यांची. २०२१ साली तीच मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत वाढवली. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. मधल्या वीस वर्षांत गरिबाला रीतसर लहान प्लॉट मिळाला असता तर ही वाढ लागली नसती. गुंठेवारीत राहणाऱ्याला मी बेकायदा म्हणत नाही. त्याला जमीन पुरवणारा दुसरा कोणी नव्हता.

उद्योगाच्या बाबतीत याच शासनाने उलट्या क्रमाने काम केलं, आणि ते जमलं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाली. ती आधी जमीन घेते, रस्ते, पाणी, वीज नेते, मग ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट देते. अक्कलकोट रोड, चिंचोळी या वसाहती अशाच उभ्या राहिल्या. कारखान्यासाठी रस्ता आधी करायचा हे ज्या राज्याला सुचतं, त्याला घरासाठी ते का सुचू नये, हा प्रश्न मला फार वर्षं छळतो आहे.

पण एमआयडीसीने माणसं राहणार कुठे याचा विचार केला नाही. मे २०२५मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात तिथेच राहणारं कुटुंब होतं, कामगार होते. या घटनेला अनेक बाजू आहेत, मी एकच मांडतो: काम आणि घर यांच्यासाठी जवळजवळ, पण स्वतंत्र जागा आपण आखल्याच नाहीत. पूर्व भागातल्या लहान मागवाल्याला चिंचोळीचा मोठा प्लॉट नको. त्याला तीन गुंठ्यांची शेड हवी, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर घर.

कामगारांनी स्वतः काय केलं तेही पाहा. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांनी त्यामागे किती वर्षं झुंज दिली हे या सभागृहातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४मध्ये पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. देशात असंघटित कामगारांसाठी इतकं मोठं काम क्वचित झालं असेल. मला त्याचा अभिमान आहे. तरी लक्षात घ्या, ही घरं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. परवडणारी सलग जमीन तिकडेच मिळाली. पान-तंबाखू आणायचं, विड्या वळून कारखान्यात द्यायच्या, ही रोजची ये-जा करणारी बाई जमिनीच्या किमतीतला फरक आपल्या पायांनी आणि रिक्षाभाड्याने भरते. १७८ चौरस किलोमीटरच्या शहरात तिच्यासाठी जागा निघू शकली नाही.

घेतलेली जमीन पडून राहणं हेही पुरवठा अडवणंच आहे. सोलापूरजवळच्या बोरामणीला विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. २०२५ साली सोलापुरातून विमान उडालं ते होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरून. ज्यांनी जमीन दिली त्यांना त्या जागेचं पुढे काय, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

मग मार्ग कोणता? तो आपल्याच कायद्यात आहे: नगररचना योजना, टीपी स्कीम. मुंबई इलाख्यात १९१५ सालापासून ही पद्धत आहे. सोलापुरातल्या जुन्या मिळकतींच्या कागदांवर ‘फायनल प्लॉट नंबर’ दिसतो, तो तिचाच. पुढे आपण ती जवळजवळ सोडून दिली, आणि गुजरातने धरून ठेवली. अहमदाबादचा विस्तार मोठ्या प्रमाणात याच पद्धतीने झाला.

पद्धत सोपी आहे. शंभर शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून त्याच मालकांना परत द्यायची. समजा एकाची एकरभर जमीन आहे, चाळीस गुंठे. त्यातले सोळा गेले, चोवीस राहिले. पण त्या चोवीस गुंठ्यांना रस्ता आहे आणि कागद स्वच्छ आहे, त्यामुळे त्यांची किंमत आधीच्या चाळिसांपेक्षा जास्त होते. कोणाला गावातून उठवावं लागत नाही, संपादनाचे कोट्यवधी लागत नाहीत. महापालिकेच्या वाट्याला आलेल्या काही प्लॉटांच्या विक्रीतून पाण्याची लाईन टाकता येते. गुजरातच्या कायद्यात रस्ते, बागा, सार्वजनिक सोयी आणि विक्री यांसाठी किती टक्के जमीन घ्यायची हे लिहूनच ठेवलं आहे. त्यामुळे शेतकऱ्याला आधी हिशेब कळतो.

सुरुवात बाळे-केगावच्या बाजूने करावी असं माझं मत आहे. विद्यापीठ तिथे आहे, पुणे रस्ता आहे, त्याच रस्त्याने पुढे चिंचोळी. तिथल्या शेतांचे एकेक गुंठ्याचे तुकडे पडायच्या आत हे व्हायला हवं. महापालिकेच्या वाट्यातले निम्मे प्लॉट एक ते तीन गुंठ्यांचे ठेवावेत: काही घरांसाठी, काही मागाच्या शेडसाठी, आणि दोन्हींच्या मध्ये रुंद रस्ता. लिलाव केला तर ते कामगाराच्या हाती लागणार नाहीत, म्हणून ठरलेल्या दराने सोडत काढावी.

शेतकऱ्याच्या मनात संशय राहणारच, आणि आजवरचा अनुभव पाहता तो रास्त आहे. योजनेत प्रत्येक मालकाचं म्हणणं ऐकायला लवाद नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सुनावणी लांबच्या कार्यालयात नको. बाळ्यात, केगावात, गावच्या शाळेत, मोजणीचा नकाशा भिंतीवर लावून व्हावी.