शून्य ग्रँड स्लॅम : डेव्हिड नालबांदियान

[दृश्य : माद्रिदचं इनडोअर कोर्ट, २००७]

ऑक्टोबर २००७. माद्रिद मास्टर्स, ग्रँड स्लॅमखालोखालच्या मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी एक. जागतिक क्रमवारीत पंचविसावा, स्पर्धेत मानांकनही नसलेला एक खेळाडू उपांत्यपूर्व फेरीत राफाएल नदालला ६-१, ६-२ असा गारद करतो. दुसऱ्या दिवशी नोव्हाक जोकोविचला ६-४, ७-६ असं हरवतो. तिसऱ्या दिवशी, अंतिम सामन्यात, समोर रॉजर फेडरर. पहिला सेट १-६ असा हातचा जातो आणि पुढचे दोन ६-३, ६-३. क्रमवारीतले पहिले तिघे लागोपाठ तीन दिवसांत हरले.

दोन आठवड्यांनी पॅरिस मास्टर्स. फेडरर पुन्हा हरला. अंतिम फेरीत नदालला दुसऱ्या सेटमध्ये एकही गेम मिळाला नाही : ६-४, ६-०.

हा डेव्हिड नालबांदियान. अर्जेंटिनाच्या कोर्दोबा प्रांतातल्या उन्कीयो गावचा, जन्म १ जानेवारी १९८२. क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला, चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, उपांत्य फेरीत खेळला, एकूण ११ विजेतेपदं मिळवली. त्यात ग्रँड स्लॅम एकही नाही.

‘गुणी होता, पण आळशी होता’ असं म्हणून त्याचा विषय बरेचदा संपवला जातो. हे अर्धवट आहे आणि त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्याच्या खेळात काय असामान्य होतं आणि काय तोकडं होतं, दोन्ही कोर्टवर स्पष्ट दिसतं.

[दृश्य : बॅकहँड, संथ गतीत]

आधी त्याचा दोन हातांचा बॅकहँड बघा. सरळ रेषेत, म्हणजे बाजूच्या रेषेला धरून मारलेला. टेनिसमधला हा सगळ्यात जोखमीचा फटका. जाळी मधोमध ९१ सेंटीमीटर उंच असते, तर कडेला १०७. म्हणजे सरळ मारताना चेंडूला सुमारे १५ सेंटीमीटर जास्त उंची द्यावी लागते. शिवाय कोर्टची सरळ लांबी २३.७७ मीटर, आणि कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर २५ मीटरहून थोडं जास्त. उंची जास्त हवी आणि जागा कमी, म्हणून बहुतेक खेळाडू शंभरदा तिरकं मारतात आणि संधी दिसली तरच सरळ जातात. नालबांदियान हा फटका अडचणीत असतानाही मारायचा. तिरक्या आणि सरळ फटक्यासाठी त्याची तयारी एकसारखीच असायची : खांदे वळलेले, रॅकेट मागे, पाय बेसलाइनला चिकटून. चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच तो त्याला गाठायचा. प्रतिस्पर्ध्याला दिशा कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा.

दुसरी गोष्ट, सर्व्हिस परतवणं. तो फारसा मागे हटत नसे. मोठा स्विंग न घेता, समोरच्याच्या वेगाचा वापर करून चेंडू खोल टाकायचा. फेडररसारख्या खेळाडूला पहिल्या सर्व्हिसनंतर छोटा चेंडू मिळाला की तो फोरहँडनं सूत्रं हातात घेतो. नालबांदियान तो छोटा चेंडू देतच नसे. शिवाय फेडररच्या एकहाती बॅकहँडवर पुन्हा पुन्हा खोल चेंडू टाकून मग एकदम दिशा बदलण्याचं तंत्र त्याला कुमारवयापासून जमलं होतं. १९९८ च्या अमेरिकन ओपनची कुमार गटाची अंतिम फेरी त्यानं फेडररलाच हरवून जिंकली. व्यावसायिक टेनिसमध्येही दोघांचे पहिले पाचही सामने नालबांदियाननं जिंकले. त्यात २००३ च्या ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपनचे सामनेही होते.

मग अडलं कुठे?

[दृश्य : विम्बल्डन, २००२]

२००२ साली वयाच्या विसाव्या वर्षी तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला. व्यावसायिक दौऱ्यावरची हिरवळीवरची ही त्याची पहिलीच स्पर्धा होती. लेटन ह्युइटनं त्याला ६-१, ६-३, ६-२ असं सहज हरवलं. तेव्हा कुणालाही वाईट वाटलं नाही, कारण असे अंतिम सामने अजून पुष्कळ येतील असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ग्रँड स्लॅमचा अंतिम सामना त्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

२००३, अमेरिकन ओपन, उपांत्य फेरी, समोर अँडी रॉडिक. नालबांदियान दोन सेटनी पुढे. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेममध्ये, त्याच्याकडे मॅचपॉइंट आला : आणखी एक गुण आणि सामना त्याचा. रॉडिकनं एक जबरदस्त सर्व्हिस मारली आणि तो वाचवला. टायब्रेकर रॉडिककडे गेला, आणि पुढचे दोन सेट ६-१, ६-३. दुसऱ्या दिवशी अमेरिकन ओपनचा चषक रॉडिकच्या हातात होता.

या एका गुणात दोघांमधला फरक दिसतो. रॉडिकला संकटातून बाहेर काढणारी सर्व्हिस होती. रॅली न खेळता, पायांना त्रास न देता मिळणारा फुकटचा गुण. नालबांदियानकडे तो नव्हता. उंची १८० सेंटीमीटर, पहिली सर्व्हिस बरी आणि दुसरी कमजोर. दुसरी सर्व्हिस कमजोर असली की समोरचा दोन पावलं पुढे येऊन उभा राहतो आणि पहिल्या फटक्यापासून वरचढ होतो. मग स्वतःची सर्व्हिस राखायलाही प्रत्येक गुणाला पाच-सहा फटके खेळावे लागतात. एका गेममध्ये हे जाणवत नाही. चौथ्या सेटमध्ये जाणवतं. दुसऱ्या आठवड्यात तर पायांना, पोटाला, खांद्याला सगळीकडे जाणवतं.

आता हिशेब मांडू. माद्रिदला तो सहा सामने खेळला, सगळे तीन सेटचे. म्हणजे जास्तीत जास्त १८ सेट. ग्रँड स्लॅममध्ये सात सामने, पाच सेटचे : जास्तीत जास्त ३५. सहा दिवस तो जगातल्या कुणालाही हरवू शकत होता. चौदा दिवस शरीर टिकवणं ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिची तयारी कोर्टवर होत नाही. ती हंगाम सुरू होण्याआधीच्या धावण्यात, वजन आटोक्यात ठेवण्यात आणि पोट-कंबरेच्या व्यायामात होते. इथं तो कमी पडला. त्याचं वजन आणि त्याचा फिटनेस यावर कारकीर्दभर बोललं गेलं, आणि ते बोलणं सगळंच खोटं नव्हतं.

[दृश्य : रोलाँ गारोस, २००६]

२००६ च्या फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी बघताना आजही जीव हळहळतो. लाल मातीवर फेडररविरुद्ध पहिला सेट ६-३, दुसऱ्यात ३-० आघाडी. फेडररला काय करावं सुचत नव्हतं. आणि नालबांदियानच्या पोटाचा स्नायू दुखावला. फेडररनं दुसरा सेट ६-४ असा घेतला, आणि तिसऱ्यात २-५ असताना नालबांदियाननं सामना सोडला.

पोटाचा स्नायू गेला की टेनिसपटूची सर्व्हिस आधी जाते. उजव्या हातानं खेळणारा सर्व्हिस करताना पाठ मागे झुकवतो, तेव्हा पोटाची डावी बाजू ताणली जाते, आणि फटक्याच्या क्षणी तीच बाजू झटक्यानं आकुंचन पावते. दुसऱ्या सर्व्हिसला जास्त फिरकी हवी, म्हणून शरीर आणखी वाकवावं लागतं. म्हणजे आधीच कमजोर असलेला फटका पार निकामी होतो. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीतही तो मार्कोस बघदातिसविरुद्ध दोन सेटनी पुढे होता आणि पाच सेटमध्ये हरला. २००५ ला तिथेच उपांत्यपूर्व फेरीत ह्युइटनं त्याला पाचव्या सेटमध्ये १०-८ असं हरवलं होतं.

दमसास नसलेला माणूस २००५ चा मास्टर्स कप मात्र जिंकूच शकला नसता. शांघायची ती स्पर्धा खरं तर वर्षातल्या पहिल्या आठ खेळाडूंची. इतरांच्या माघारीमुळे याला जागा मिळाली. पाच सेटच्या अंतिम सामन्यात फेडररनं पहिले दोन सेट टायब्रेकरवर घेतले. नालबांदियाननं पुढचे ६-२, ६-१ असे घेतले, पाचव्यात ४-० आघाडी घेतली, ती घालवली, फेडरर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत असताना ती मोडली, म्हणजे तो गेम स्वतः घेतला, आणि टायब्रेकर जिंकला. लागोपाठ २४ अंतिम सामने जिंकलेल्या फेडररची मालिका तिथे थांबली. जिद्द या माणसाकडे होती, हे त्या साडेचार तासांत दिसतं.

अंतिम फेरीत कोसळणाऱ्या गुणी खेळाडूंमध्ये मार्सेलो रिओसचं नाव नेहमी येतं. चिलीचा हा डावखुरा १९९८ साली जगात पहिला झाला, आणि ग्रँड स्लॅम न जिंकता तिथवर पोहोचलेला पुरुष एकेरीतला तो एकटाच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पेत्र कोर्दानं त्याला ६-२, ६-२, ६-२ असं संपवलं. नालबांदियान मोठ्या सामन्यात असा विरघळून जाणारा नव्हता. तो आघाडीवर असताना थांबला, आणि ते जास्त लागतं.

[दृश्य : क्वीन्स क्लब, २०१२]

मे २००९ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो पुन्हा पहिल्या दहात आला नाही. जून २०१२ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर मारिन चिलिचविरुद्ध अंतिम सामन्यात तो एका सेटनं पुढे होता. एक गुण गमावल्याच्या रागात त्यानं रेषापंचाच्या खुर्चीपुढच्या लाकडी फळीला लाथ मारली. फळी तुटून रेषापंचाच्या नडगीला लागली, रक्त आलं. त्याला तिथल्या तिथे बाद ठरवण्यात आलं, आणि तो निर्णय योग्यच होता.

खांद्यानं साथ सोडल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

[दृश्य : मॉस्को, २००६]

त्याला सगळ्यात जास्त हवा होता तो डेव्हिस कप, देशांच्या संघांमधली स्पर्धा. त्याच्या काळात अर्जेंटिना तीनदा अंतिम फेरीत पोहोचली : २००६, २००८, २०११. मॉस्कोला २००६ मध्ये त्यानं एकेरीत मरात साफिन आणि निकोलाय दाव्हिदेन्को या दोघांनाही हरवलं. एकेरीचे बाकीचे दोन सामने आणि दुहेरी गेली, रशिया ३-२. मार देल प्लाताला २००८ मध्ये, घरच्या मैदानावर, नदाल नसलेल्या स्पेनविरुद्ध त्यानं दाविद फेररला सरळ सेटमध्ये हरवलं. संघाचा तो एकच विजय. २०११ च्या सेव्हियातल्या लढतीतही त्यानं जोडीदारासह दुहेरी जिंकली आणि तोही अर्जेंटिनाचा एकमेव गुण ठरला.

२०१६ साली झाग्रेबमध्ये अर्जेंटिनानं हा कप पहिल्यांदा जिंकला. हुआन मार्तिन डेल पोत्रोनं दोन सेटनी मागे पडूनही चिलिचला हरवलं आणि बरोबरी साधली. निर्णायक पाचवा सामना फेडेरिको डेल्बोनिसनं जिंकला. एकेरीत असा दुसरा भरवशाचा विजय मॉस्कोला मिळाला असता, तर हा कप दहा वर्षं आधीच अर्जेंटिनात गेला असता.