व्यास तीन मिलिमीटर, परिघ एक सेंटिमीटर

मंडळी, साताऱ्याच्या मोती चौकात बांगड्या भरायला बसलात की कासार आधी हात दाबून बघतो आणि माप सांगतो, ‘दोन-चार’ किंवा ‘दोन-सहा’. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं असतं. दोन इंच, आणि इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले चार. म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. दोन-सहा त्याहून जेमतेम ३ मिलिमीटरनं मोठी. मग अंगठ्याच्या हाडाशी अडणारी बांगडी एवढ्याशा फरकानं सुळकन मनगटात कशी जाते? व्यास ३ मिलिमीटरनं वाढला की परिघ जवळजवळ १ सेंटिमीटरनं वाढतो, म्हणून. परिघाला व्यासानं भागलं की येणारा हा आकडा म्हणजे पाय (π), साधारण ३.१४.

शिक्षकांना एक विनंती. पायची किंमत काढायला वर्गात मुलं दोरा बांगडीच्या बाहेरून गुंडाळतात आणि पट्टी आतून लावतात. बांगडी ३ मिलिमीटर जाड असेल तर दोरा भरतो १९८, भागायचं ५७ नं, उत्तर येतं जवळपास साडेतीन. अशा वेळी ‘राहू दे, ३.१४ लिही’ म्हणून पुढे जाऊ नका. मला ते फार लागतं. मुलानं खरंच मोजलेलं असतं; फक्त परिघ बाहेरच्या वर्तुळाचा आणि व्यास आतल्याचा घेतलेला असतो. त्याला बाहेरचा व्यास मोजू द्या, तो ६३ भरेल. आता करा भागाकार.

पण लहान-मोठ्या सगळ्या वर्तुळांत हे गुणोत्तर एकच का? साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर तुम्ही पाहिली असेल. ती अष्टकोनी आहे. आठही बाजू सारख्या धरा आणि मध्यापासून आठ कोपऱ्यांपर्यंत मनातल्या मनात रेषा ओढा. आठ त्रिकोण होतात, प्रत्येकाचा मधला कोन ४५ अंशांचा. तसाच अष्टकोन वहीत काढलात तरी कोन तेच राहतात, त्यामुळे बाजूंचं आपसातलं प्रमाणही तेच. परिमितीला समोरासमोरच्या कोपऱ्यांमधल्या अंतरानं भागा, विहिरीतही ३.०६ आणि वहीतही ३.०६. बाजू सोळा केल्या तर ३.१२. बाजू वाढवत जा, आकृती वर्तुळाला चिकटत जाते आणि आकडा पायकडे सरकतो. प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजनं आतून आणि बाहेरून असे ९६ बाजूंचे बहुकोन घेतले; २२/७ ही त्यानं काढलेली वरची मर्यादा. म्हणजे पाय त्याहून किंचित लहान आहे, बरोबर २२/७ नाही. आपल्या आर्यभटानं २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ दिला आणि तो जवळपासचा आहे, हेही त्याच श्लोकात सांगून ठेवलं. हा प्रामाणिकपणा मला त्या आकड्याइतकाच मोठा वाटतो.

धावपटू ललिता बाबर यांच्या सातारा जिल्ह्यात धावण्याच्या शर्यतीची ओळख करून द्यायला नको. ४०० मीटरला प्रत्येक जण वेगळ्या रेषेवरून का सुटतो? लेनची रुंदी १.२२ मीटर. दुसऱ्या लेनमधून तिसऱ्यात गेलं की वळणाची त्रिज्या तेवढीच वाढते, व्यास २.४४ नं. दोन्ही वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ, म्हणून अंतर वाढतं २.४४ गुणिले पाय, ७.६७ मीटर. तिसऱ्या लेनचा धावपटू दुसऱ्याच्या तेवढाच पुढून सुटतो. मुळातलं वळण केवढं, हे त्यासाठी विचारावंच लागत नाही.