आधी एक खोली : 'डूम'चे नकाशे काढायला शिकताना

(दृश्य : काळ्या पडद्यावर बारीक चौकटींची जाळी)

'डूम' हा जुना कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम. त्याची लेव्हल, म्हणजे खेळायचा एक टप्पा, काढायची तर या जाळीवर चार बिंदू द्यायचे आणि रेषांनी जोडायचे. आकार बंद झाला की आतली जागा झाली 'सेक्टर'. तिच्या जमिनीची उंची ठरवायची, छताची ठरवायची. उजेड किती हवा, तो ० ते २५५ मधला आकडा भरायचा. खेळाडू कुठे उभा राहणार, तिथे खूण करायची. आता गेम चालू करा. तुम्ही स्वतः आखलेल्या खोलीत उभे आहात!

हे एवढं सोपं आहे, कारण ते तसं मुद्दाम ठेवलं गेलं. 'डूम' बनवणाऱ्या 'इड सॉफ्टवेअर' कंपनीचा आधीचा गेम 'वुल्फेन्स्टाइन ३डी' १९९२ साली आला, तेव्हा हौशी लोकांनी त्याच्या फायली खटपट करून उलगडल्या आणि स्वतःच्या लेव्हल बनवल्या. कंपनीचे प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांना ते मनापासून आवडलं. म्हणून १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' आला, तेव्हा लेव्हल, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रॅमच्या बाहेर, 'वॅड' नावाच्या फायलीत होतं. मूळ फायलीला हात न लावता आपली वॅड जोडता येत होती. नकाशा काढायचं साधन मात्र खेळणाऱ्यांनीच घडवलं. न्यूझीलंडचे ब्रेंडन वायबर आणि त्यांच्या साथीदारांचा 'डीईयू' हा एडिटर १९९४ च्या जानेवारीतच लोकांच्या हाती आला.

आज 'अल्टिमेट डूम बिल्डर' हा एडिटर फुकट मिळतो. मूळ गेम विकत घ्यायचा नसेल, तर त्याच्या जागी चालणारा फुकट 'फ्रीडूम' आहे. नवशिक्यानं अजूनही इथूनच सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं. गेम बनवायच्या नव्या साधनांत, म्हणजे इंजिनांत, दगडाचा पोत आणि गवताची पाती यांतच महिने जातात. इथे हाताशी असते ती फक्त जागा. मूळ 'डूम'मध्ये खोलीवर खोली रचता येत नाही, त्यामुळे अख्खी लेव्हल एका कागदावर मावते.

(दृश्य : एडिटरमध्ये जिन्याची एकेक पायरी उचलली जाते)

गेममधलं लांबीचं माप म्हणजे 'एकक'. खेळाडू ५६ एकक उंच आणि ३२ एकक रुंद. एका पावलात तो २४ एकक चढतो. पायरी २५ केली, की चढायची वाट बंद! खाली उडी मात्र मारता येते. म्हणजे एका एककाच्या फरकानं परतीचा रस्ता तोडता येतो. दाराचंही तसंच. दार म्हणजे छत जमिनीला टेकवलेला अरुंद सेक्टर. बटण दाबलं की ते छत वर सरकतं. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा फार आनंद होतो, कारण मग लिफ्ट, सापळे, गुप्त खोल्या, सगळं जमिनीच्या आणि छताच्या उंचीच्या त्याच दोन आकड्यांतून उभं राहताना दिसतं.

शिकायचं कोणाकडून? 'डूम'चे डिझायनर जॉन रोमेरो यांची 'हँगर' ही गेममधली पहिलीच लेव्हल एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीच्या खोलीतून खिडकीबाहेर अंगण दिसतं, त्यात निळं चिलखत ठेवलेलं. तिकडे जायची वाट मात्र पुढे कुठेतरी दडवलेली. आधी हाव जागवायची, वाट नंतर शोधायला लावायची. आणि हो, पहिल्या भागातली ही लेव्हल रोमेरोंनी सगळ्यांत शेवटी बनवली. हात पुरता बसल्यावर.

डॅरिओ आणि मायलो हे कसाली बंधू मात्र स्वतःच्या लेव्हल बनवणारे हौशी. त्यांचा 'प्लुटोनिया' हा लेव्हलींचा संच १९९६ मध्ये 'फायनल डूम' या अधिकृत गेममधून विकला गेला आणि डॅरिओ पुढे 'व्हॉल्व' या गेम कंपनीत लेव्हल डिझायनर झाले. पण त्यांच्याइतक्या अवघड लढाया पहिल्याच नकाशात आखू नका. तीन खोल्या, एक किल्ली, एक कुलूपबंद दार, चार-पाच राक्षस. एवढं पुरे.

(दृश्य : मित्र खेळतो आहे, नकाशा काढणारी मुलगी मागे बसली आहे)

मग तो नकाशा दुसऱ्याला खेळायला द्या आणि मागे गप्प बसा. किल्ली कुठे आहे, ते सांगायचं नाही. तो दारावरून दोनदा सरळ पुढे गेला, तर दार दिसत नाहीये. तिथला उजेड ११२ वरून १९२ करा, सेव्ह करा आणि खेळायला आता दुसऱ्याच कुणालातरी बसवा, कारण याला दार ठाऊक झालं आहे.