हिशेब, हक्क, नियत: ओळखीच्या शब्दांतून इस्लाम

इस्लामविषयी बोलायला उभे राहिले की पहिली अडचण अपरिचयाची नसते, अर्धवट परिचयाची असते. मराठी बोलणारा माणूस इमान, नियत, हक्क, हिशेब, दुनिया, अखेर, कायम, मुक्काम हे शब्द दिवसभर सहज वापरतो. ते मुळात अरबी आहेत, हे त्याला कधी ठाऊक असते, कधी नसते. पण यांतल्या बहुतेक शब्दांना इस्लामच्या धर्मविचारात नेमकी जागा आहे, हे मात्र क्वचितच ध्यानात येते. म्हणून तत्त्वांची यादी वाचून दाखवण्याऐवजी आज या शब्दांचा माग काढत जावे, असे मी ठरवले आहे.

आरंभ ‘शहीद’ या शब्दापासून करतो. मराठीत शहीद म्हणजे प्राणार्पण करणारा; अरबीत त्या धातूचा मूळ अर्थ साक्ष देणे असा आहे आणि त्याच धातूपासून ‘शहादा’ हा शब्द बनतो. ‘नाही कोणी उपास्य, अल्लाहखेरीज, आणि मुहंमद अल्लाहचे प्रेषित आहेत’, अशी साक्ष देणे म्हणजे शहादा. हे एवढे वाक्य समजून आणि मनापासून उच्चारले की माणूस मुसलमान होतो. त्यासाठी पुरोहित लागत नाही आणि दीक्षेचा समारंभही लागत नाही. वाक्याची सुरुवात नकाराने होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. आधी सर्व उपास्ये पुसून टाकायची आणि मग एकच ठेवायचे, हा त्याचा क्रम आहे. या एकेश्वरनिष्ठेला ‘तौहीद’ म्हणतात आणि ईश्वराच्या ईश्वरपणात दुसऱ्या कोणाला भागीदार करण्याला ‘शिर्क’. कुराणातले 112 वे प्रकरण अवघ्या चार आयतींचे, म्हणजे वचनांचे, आहे. ईश्वर एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही व तो कोणापासून जन्मला नाही, आणि त्याच्या तोडीचा कोणी नाही, एवढेच त्यात सांगितले आहे. परंतु मुसलमानाला ईश्वराविषयी काय वाटते, हे त्याहून थोडक्यात सांगता येणार नाही. ‘अल्लाह’ हे एखाद्या जमातीच्या देवाचे नाव आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. अरबी बोलणारे ख्रिस्तीही ईश्वराला अल्लाहच म्हणतात.

साक्षीच्या दुसऱ्या भागात इतिहास येतो. मुहंमद यांचा जन्म सुमारे 570 मध्ये मक्केत झाला. वयाच्या चाळिशीत, 610 च्या सुमारास, मक्केजवळच्या हिरा गुहेत त्यांना पहिला संदेश मिळाला आणि त्याचा पहिला शब्द होता ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’. पुढे सुमारे 23 वर्षे हे संदेश येत राहिले. 622 मध्ये मक्का सोडून ते मदिनेला गेले. हिजरी कालगणना त्यांच्या जन्मापासून किंवा पहिल्या संदेशापासून सुरू न होता या स्थलांतराच्या वर्षापासून सुरू होते. 632 मध्ये त्यांचे निधन झाले. श्रद्धावंतांच्या दृष्टीने कुराण हे मुहंमदांचे पुस्तक नव्हे. ते ईश्वराचे शब्द आहेत आणि मुहंमद ते पोहोचवणारे. पैगंबरांची स्वतःची वचने आणि कृती यांच्या नोंदींना ‘हदीस’ म्हणतात आणि त्यांचा दर्जा वेगळा आहे.

कुराणात 114 प्रकरणे, म्हणजे सूरा, आहेत. त्यांची मांडणी काळाच्या क्रमाने नाही. आरंभीची सात आयतींची ‘फातिहा’ सोडली, तर लांब सूरा साधारणपणे आधी आणि आखूड सूरा शेवटी येतात. एखादी कथा वाचायला मिळेल या अपेक्षेने ग्रंथ उघडणारा वाचक 286 आयतींच्या दुसऱ्या सूरेतच थकतो. अशा वाचकाला मी शेवटाकडून वाचायला सांगतो, कारण मक्केच्या आरंभकाळातल्या छोट्या, लयबद्ध सूरा बहुतेक तिथेच आहेत. इब्राहीम (अब्राहम), मूसा (मोझेस), ईसा (येशू) हे सर्व या परंपरेत पैगंबरच मानले जातात. ईसांच्या आईच्या, मरियमच्या, नावाने एक संपूर्ण सूरा आहे, आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. मात्र ईसा ईश्वराचे पुत्र नव्हेत आणि मुहंमदांनंतर पैगंबर नाही, या दोन मुद्द्यांवर इस्लाम तडजोड करत नाही.

आता ‘इमान’. मराठीत इमान म्हणजे प्रामाणिकपणा किंवा निष्ठा. धर्मविचारात ते श्रद्धेचे नाव आहे. त्याची फोड करणारी एक हदीस खलिफा उमर यांच्या तोंडून आली आहे. पैगंबरांभोवती मंडळी बसली असताना एक अनोळखी माणूस तिथे आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची खूण नाही, आणि तरीही उपस्थितांपैकी कोणी त्याला ओळखत नाही. तो पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसला आणि म्हणाला, इस्लाम म्हणजे काय ते सांगा. शहादा, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असल्यास हज, असे उत्तर मिळाले. ‘बरोबर’, असे तो म्हणाला, तेव्हा सगळे चकित झाले, कारण प्रश्नही तोच विचारत होता आणि उत्तराला दुजोराही तोच देत होता. मग त्याने इमानाविषयी विचारले. ईश्वर, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे पैगंबर, अखेरचा दिवस आणि बरेवाईट भाग्य यांवर श्रद्धा, असे पैगंबरांचे उत्तर आले. तिसरा प्रश्न ‘इहसान’विषयी होता. ईश्वर जणू डोळ्यांसमोर आहे अशी उपासना करणे. तो तुला दिसत नसला, तरी तो तुला पाहतो आहे. तो माणूस निघून गेल्यावर पैगंबर म्हणाले, ते देवदूत जिब्रील होते, तुम्हाला तुमचा धर्म शिकवायला आले होते. आचार, विश्वास आणि अंतःकरण ही तिन्ही अंगे या एका बैठकीत आली आहेत. सुन्नी परंपरा इमानाची हीच सहा कलमे मानते. शिया परंपरा मूलतत्त्वे पाच मोजते आणि त्यांत ईश्वराचा न्याय व इमामत, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातील इमामांचे नेतृत्व, यांचा समावेश करते. पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचे, या 632 मधल्या प्रश्नापासून हा भेद सुरू झाला आणि 680 मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू हुसैन मारले गेल्यानंतर तो खोल झाला.

‘अखेर’ हा शब्द आपण शेवट या अर्थाने वापरतो. अरबीत ‘आखिरत’ म्हणजे मृत्यूनंतरचे जीवन, आणि ‘दुनिया’ म्हणजे जवळचे, हाताशी असलेले जग. कुराणात या दोहोंची जोडी वारंवार येते. अखेरच्या दिवसाचे एक नाव ‘हिशेबाचा दिवस’ असे आहे, आणि कणभर चांगले केले असेल तर ते दिसेल व कणभर वाईट केले असेल तर तेही दिसेल, असे 99 व्या सूरेत म्हटले आहे. त्याच दिवसाचे दुसरे नाव कयामत, म्हणजे उभे राहणे. आपले कायम आणि मुक्काम हे शब्दही याच धातूपासून आलेले आहेत.

त्या ‘कायम’वर मी थोडा थांबणार आहे. आपण ‘नमाज पढणे’ म्हणतो. नमाज हा शब्द फारसी आहे, अरबीत ‘सलात’. कुराणाची आज्ञा मात्र सलात कायम करण्याची, म्हणजे ती उभी करून टिकवण्याची आहे. ती टिकते सूर्याच्या गतीवर. पहाट फुटल्यावर फज्र, सूर्य माथ्यावरून कलल्यावर जुहर, सावल्या लांबल्यावर असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि संधिप्रकाश विझल्यावर इशा. सूर्य नेमका उगवत असताना, माथ्यावर असताना आणि मावळत असताना मात्र नमाज टाळतात, म्हणजे सूर्यपूजेचा आभासही होऊ नये. नमाजेआधी ‘वुजू’ करायचा. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि घोट्यापर्यंत पाय धुवायचे. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले तरी चालते.

मग मक्केतल्या काबाकडे तोंड करून उभे राहायचे. उभे राहून फातिहा म्हणायची, कमरेतून वाकायचे, पुन्हा सरळ व्हायचे, दोनदा सजदा करायचा. सजद्यात शरीराची सात अंगे जमिनीला टेकतात: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे. ‘मशीद’ या शब्दाचा मूळ अर्थही सजद्याची जागा एवढाच आहे. या एका आवर्तनाला रकात म्हणतात, आणि दिवसभरातल्या अनिवार्य रकाती 2, 4, 4, 3, 4 अशा 17 होतात. म्हणजे नेमाने नमाज करणारा माणूस ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ ही फातिहेतली प्रार्थना दिवसातून किमान सतरा वेळा करतो. प्रवासात चार रकातींच्या दोन करता येतात; आजारी माणसाने बसून, तेही जमत नसेल तर आडवे पडून, नुसत्या खुणेने नमाज केली तरी ती पूर्ण धरली जाते. पुढे उभा राहणारा इमाम पुरोहित नसतो. ज्याला कुराण अधिक चांगले येते, तो पुढे उभा राहतो.

नमाज सूर्यावर चालते, तर रोजा आणि हज चंद्रावर. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. पहाट नेमकी कधी सुरू होते? काळ्या दोऱ्यातून पांढरा दोरा वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असे कुराण म्हणते. अदी इब्न हातिम या नव्या अनुयायाने हे शब्दशः घेतले. एक काळी आणि एक पांढरी दोरी त्याने उशाखाली ठेवली आणि रात्री पुन्हा पुन्हा काढून पाहिली, पण काही केल्या फरक कळेना. सकाळी त्याने पैगंबरांना सांगितले, तेव्हा त्यांनी समजावले की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. रोज्याच्या नियमांत सवलती भरपूर आहेत. आजारी व प्रवासी, तसेच प्रकृतीची भीती असेल तर गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना रोजे पुढे ढकलता येतात, आणि विसरून काही खाल्ले तर रोजा मोडत नाही, कारण हदीस म्हणते, त्याला ईश्वराने खाऊ घातले.

‘हक्क’ आणि ‘जकात’ हे शब्द एकत्र घेतो. मराठीत जकात म्हटले की नाक्यावर वसूल होणारा कर आठवतो. मूळ शब्दात शुद्धी आणि वाढ असे दोन अर्थ आहेत. गरजा भागून किमान ठरावीक मर्यादेइतकी, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम सोन्याच्या किमतीची, संपत्ती पूर्ण चांद्र वर्षभर ज्याच्याजवळ राहिली, त्याने तिचा चाळिसावा भाग द्यायचा. चाळीस हजारांवर एक हजार. पावसावर पिकलेल्या शेतमालाचा दहावा आणि कष्टाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा भाग ठरला आहे, म्हणजे श्रम वाढले की देणे घटते. जकात कोणाला द्यायची, हे कुराणाने आठ वर्गांत सांगून टाकले आहे. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेले प्रवासी आहेत. श्रद्धावंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ असतो, असे शब्द 70 व्या सूरेत आहेत. घेणाऱ्याचा तो हक्कच असेल, तर देणाऱ्याला उपकाराची भाषा करता येत नाही. स्वेच्छेने केलेल्या दानाला ‘सदका’ असे वेगळे नाव आहे.

हजविषयी थोडक्यात सांगतो. ऐपत आणि प्रकृती असेल तर आयुष्यात एकदा, जिल्हिज महिन्यात. पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे गुंडाळतात. काबाभोवती सात प्रदक्षिणा होतात, पण हजचा गाभा आहे त्या महिन्याच्या नवव्या दिवशी मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात थांबणे. ते चुकले तर हज झालीच नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या इब्राहीमांची पत्नी हाजरा हिची आठवण जागवतात. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत ही आई एकटी धावली होती, आणि लाखो पुरुष आजही तिच्याच पावलांवरून चालतात.

‘हराम’ आणि ‘जिहाद’ हे दोन शब्द मात्र बरेच भरडले गेले आहेत. धर्मशास्त्र कृतींचे पाच वर्ग करते: अनिवार्य, इष्ट, निव्वळ अनुज्ञेय, अनिष्ट आणि निषिद्ध. हराम हा त्यांतला एकच वर्ग आहे, आणि रोजच्या आयुष्याचा मोठा भाग मधल्या, अनुज्ञेय वर्गात मोडतो. जिहादचा मूळ अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न. शास्त्रग्रंथांत तो मुख्यतः युद्धाच्या संदर्भात आणि अटींसह येतो, तर सूफी परंपरेने स्वतःच्या वासनांशी झगडण्यावर भर दिला. यांतला एकच अर्थ खरा आणि दुसरा बनावट, असे म्हणणारा कोणत्याही बाजूचा असो, तो अर्धेच सांगत असतो.

उरला ‘नियत’. कृत्यांचे मोल नियतींवर ठरते, ही बुखारींच्या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस आहे. पहाटेपासून काही न खाल्लेला माणूस एवढ्यावरून रोजेदार ठरत नाही. मनात रोज्याचा संकल्प हवा. हिशेबही त्याच मापाने होतो. सत्कृत्याचा संकल्प केला आणि ते हातून घडले नाही, तरी एक पुण्य पूर्ण लिहिले जाते, आणि घडले तर दहापासून सातशेपट किंवा त्याहूनही अधिक. वाईटाचा संकल्प करून ईश्वरासाठी तो सोडून दिला, तर त्याचेही एक पुण्य लिहितात. केलेच, तर लिहिले जाते ते एकच पाप.