बोटं हलतात, तरीही

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की ठाण्यात तलावपाळीवर भाजलेल्या कणसांचा धूर दिसतो, आणि आमच्या दवाखान्यात मनगट धरून बसलेली मुलं दिसतात. सोसायटीच्या पार्किंगमधलं क्रिकेट, ओल्या लाद्या, मग धपकन हात टेकून पडणं. सोबत आलेल्या आजींचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बोटं हलतायत हो डॉक्टर, मोडलेलं नसणार."

या एका वाक्यापायी कितीतरी मुलांचा फोटो चौथ्या-पाचव्या दिवशी निघतो. फोटो म्हणजे एक्स-रे. अहो, बोटं हलवतात ते स्नायू. हाडाला चीर पडली तरी ते आपलं काम करतच असतात. त्यामुळे हलणाऱ्या बोटांवरून हाडाचा अंदाज बांधू नका. हाडावर एका ठरावीक जागी दाबलं की मूल कळवळतं का, सूज आहे का, तो हात वापरायचं टाळतंय का, हे बघा.

पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाची डहाळी आणतो ना, ती हातानं मोडून बघा. वाळकी काटकी कट्कन तुटते. ओली डहाळी आधी वाकते, एका अंगानं फाटते, दुसऱ्या अंगानं चिकटून राहते. मुलांचं हाड या ओल्या डहाळीच्या जातीचं. ते मोठ्यांच्या हाडापेक्षा लवचीक, आणि त्यावरचं आवरण सालीसारखं जाड, चिवट. म्हणूनच अशा अर्धवट मोडण्याला ग्रीनस्टिक, म्हणजे हिरव्या काठीचं फ्रॅक्चर म्हणतात.

याचा एक सौम्य भाऊ आहे, बकल फ्रॅक्चर. यात हाड फाटत नाही, दाबानं चेपतं आणि मनगटाच्या जरा वर बारीकसा फुगवटा येतो. फोटोत तो इतका लहान दिसतो की पालकांना बोट ठेवून दाखवावा लागतो. हे साधारण ३ आठवड्यांत भरतं, आणि बहुतेकदा काढता-घालता येणारा पट्टा पुरतो. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ९६५ मुलांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. मऊ बँडेज बांधलेल्या आणि कडक पट्टा बांधलेल्या मुलांच्या दुखण्यात तिसऱ्या दिवशी फरक आढळला नाही. "एवढंच? पक्कं प्लॅस्टर नाही?" असं विचारणाऱ्या बाबांना मी हेच सांगतो.

ग्रीनस्टिकला मात्र इतकं हलकं घेता येत नाही. हाड वाकलेलं असेल तर भूल देऊन सरळ करावं लागतं, आणि कधी कधी चिकटून राहिलेली बाजूही मुद्दाम मोडावी लागते, नाहीतर प्लॅस्टरमध्ये ते परत वाकतं. हे ऐकून आया दचकतात, साहजिक आहे. पुढे साधारण ४ ते ६ आठवडे प्लॅस्टर.

घरी काय करायचं? हातातलं कडं, दोरा, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली ठेवून ओढणीनं झोळी बांधा. हात वाकडा दिसत असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत खाऊ-पाणी देऊ नका, भूल लागू शकते. आणि तेल लावून चोळणं नको. आंबेहळदीच्या लेपावर माझा राग नाही, पण लेपाच्या भरवशावर फोटो राहून जातो. बांबूच्या पट्ट्या करकचून आवळणाऱ्यांकडे तर नकोच. रक्त अडून हात कायमचा निकामी होऊ शकतो.

प्लॅस्टर घातल्यावरही बोटांवर लक्ष ठेवा. ती निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, हात उंच ठेवून आणि औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, बोट सरळ करताना मूल किंचाळलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. सकाळची वाट पाहू नका.

प्लॅस्टर कापायच्या यंत्राला मुलं फार घाबरतात. त्याचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लॅस्टर कापतं, कातडीला सहसा इजा करत नाही. घरूनच सांगून आणलंत तर आमचे कान वाचतील. आतून निघालेला हात बारीक, कोरडा दिसेल, तो भरून येतो. मनगट थोडं आखडलेलं असेल, रोजच्या वापरानं सुटतं.

सायकल आणि स्केट्स मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ग्रीनस्टिकचं हाड त्याच जागी पुन्हा मोडू शकतं. सायकलला कुलूप लावा, आणि चावी आजोबांकडे तर मुळीच ठेवू नका.

नमस्कार.