भायखळा-परळ: जुन्या असेंब्लीतली एक सीट

मंडळी, आज भायखळ्याचा आमदार वेगळा आणि परळवाले शिवडीत मतदान करतात, पण 1937 साली मुंबई प्रांताची पहिली असेंब्ली निवडून आली तेव्हा भायखळा आणि परळ मिळून एकच मतदारसंघ होता. आणि तिथून कोण निवडून आलं, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मतदान सगळ्यांना नव्हतं बरं का. ब्रिटिश इंडियात लोकसंख्येच्या साधारण 14 टक्के लोकांनाच तो हक्क मिळाला होता, बाकीचे बघ्यांच्या रांगेत. पण मुंबईत एक भारी सोय होती. मतदारसंघात जागा एकापेक्षा जास्त, जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकता यायची! म्हणजे संख्येनं कमी असलेल्या लोकांनी एकी केली तर आपला माणूस आत पाठवता यायचा. बाबासाहेबांनी ही पद्धत आधीपासून लावून धरली होती.

काँग्रेसनं समोर कोणाला उभं केलं माहितीये? बाळू पालवणकर! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारा डावखुरा बोलर, चांभार समाजातला, पुण्यात क्लबवर पीच राखता राखता क्रिकेट शिकलेला. बाबासाहेब तरुणपणी त्यांचं कौतुक करायचे, पण 1932 च्या पुणे करारावरून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मतं. दोनेक हजारांचा फरक, म्हणजे एकतर्फी वगैरे अजिबात नाही. माझ्या मते दोघांना एकमेकांसमोर उभं करणं हाच काँग्रेसचा खरा डाव होता, पण तो बसला नाही.

आता गंमत बघा, निवडून आले गिरणगावातून आणि 17 सप्टेंबर 1937 ला असेंब्लीत मांडलं काय, तर कोकणातली खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, बंद करायचं बिल. कुणाला वाटेल परळचा आणि खोताचा काय संबंध? अहो, गिरणीत राबणारे कितीतरी चाकरमानी रत्नागिरीकडचेच की, पगारातले पैसे गावी जायचे आणि तिथं खोत टपलेला. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर आला, म्हणजे कुलाब्याच्या रीगल टॉकीजसमोरची ती इमारत, जिथं आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. बिल काही पास झालं नाही, खोती गेली ती 1949 च्या कायद्यानं.

1938 मध्येच बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारनं औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं, समेटाची प्रक्रिया पूर्ण व्हायच्या आधी संप केला तर तो बेकायदा, थेट तुरुंग. बाबासाहेबांनी सभागृहात कडकडून विरोध केला, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क असा त्यांचा मुद्दा होता, आणि 7 नोव्हेंबरच्या संपात कम्युनिस्ट आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष खांद्याला खांदा लावून उतरले. बिल मात्र पास झालंच, बहुमत काँग्रेसचं होतं ना!

नंतर नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि असेंब्लीचं कामच थंडावलं. 1946 ला पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही आणि घटना समितीत जायला त्यांना बंगालमधून निवडून यावं लागलं. 1952 मध्ये सगळ्या सज्ञान लोकांना मत मिळालं, मतदारसंघ नव्यानं आखले गेले आणि भायखळा-परळ ही जोडी तिथंच सुटली.