कॉप्लीच्या चित्रातली चांदीची किटली

पडद्यावर दिसणारी ही व्यक्ती म्हणजे पॉल रिव्हिअर, बॉस्टन शहरातला चांदीकाम करणारा कारागीर. हे तैलचित्र १७६८ सालचे आहे. त्या काळी चित्रासाठी बसणारे प्रतिष्ठित लोक कोट आणि केसांचा टोप चढवून बसत. रिव्हिअर मात्र नुसत्या सदऱ्यावर, बंडीची बटणे न लावता बसला आहे. त्याच्या डाव्या हातातली किटली जरा जवळून पाहा. गुळगुळीत चांदीत त्याच्या बोटांची प्रतिबिंबे उमटली आहेत. किटलीवर नक्षी अजून कोरलेली नाही, आणि कोरण्याची हत्यारे पुढ्यातच पडलेली आहेत.

हे चित्र काढणारा जॉन सिंगलटन कॉप्ली १७३८ मध्ये बॉस्टनमध्येच जन्मला. वडील गेल्यावर आई बंदरावर तंबाखूचे दुकान चालवत असे. तिने पीटर पेल्हॅम या उत्कीर्णकाराशी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून ते छापणाऱ्याशी, दुसरे लग्न केले आणि घरात चित्रांचे ठसे, रंग व अवजारे आली. पण कॉप्ली अवघा तेरा वर्षांचा असताना पेल्हॅमही वारला. तेव्हाच्या त्या ब्रिटिश वसाहतीत कलाशाळा नव्हती, थोर चित्रकारांची मूळ चित्रे पाहायला मिळत नव्हती. जे शिकायचे ते छापील चित्रांवरून आणि समोर बसलेल्या माणसाकडे तासन्‌तास पाहून. कापडाची चमक आणि लाकडाची झळाळी इतक्या नेमकेपणाने टिपणारी त्याची नजर अशीच घडली असावी, असे मला वाटते.

१७६५ मध्ये त्याने सावत्र भाऊ हेन्रीचे, सोनेरी साखळीला बांधलेल्या उडत्या खारीसह चित्र काढले. पुढच्या वर्षी ते लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा तिथला नामवंत चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने त्याचे कौतुक केले, पण रेषांतला कठोरपणाही दाखवून दिला. बॉस्टनमध्ये कमाई उत्तम होती, तरीही लोक चित्रकलेला सुतारकाम किंवा शिवणकामासारखा एक धंदा समजतात, ही खंत कॉप्लीने पत्रात लिहून ठेवली आहे. अशी खंत बाळगणाऱ्या चित्रकाराने एका कारागिराला इतक्या सन्मानाने रंगवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१७६९ मध्ये त्याचे लग्न सुझॅना क्लार्कशी झाले. १६ डिसेंबर १७७३ रोजी ब्रिटिश कराच्या निषेधात बॉस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला गेला, तो ज्या व्यापाऱ्यांकडे ईस्ट इंडिया कंपनीने पाठवला होता, त्यांत तिचे वडीलही होते. कॉप्लीने व्यापारी आणि निषेध करणारे या दोन्ही बाजूंत मध्यस्थी करून पाहिली. ती निष्फळ ठरली. जून १७७४ मध्ये तो युरोपला निघाला. लंडनमध्ये त्याने भव्य ऐतिहासिक चित्रे काढली आणि १८१५ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले. बॉस्टनला तो पुन्हा कधी परतला नाही. रिव्हिअरचे चित्र मात्र रिव्हिअरच्याच वंशजांनी १९३० मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाला दिले, आणि ते आजही तिथे आहे.